गुंठा, सारा आणि सावदा

माझ्या आजोबांना हेक्टर-आर कधी जमलं नाही. सातबारा हातात धरून ते आधी एकर आणि गुंठे काढायचे आणि मगच कागदावर विश्वास ठेवायचे. मुक्ताईनगरला ते अखेरपर्यंत एदलाबाद म्हणत आणि सरकारी मोजणीदाराला ‘साखळीवाला’. हा शब्द त्यांना त्यांच्या आजोबांकडून मिळाला असावा. गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद जमीन. तेहेतीस फुटांच्या साखळीने इंग्रजांनी आपली शेतं मोजली आणि त्या मोजणीवर सारा बांधला.

त्या साखळीवरून आपल्या शेजारी बंड झालं होतं. १८५२ सालच्या अखेरीस सावदा, फैजपूर, रावेर, यावल, चोपडा हा सगळा पट्टा पेटला होता. खानदेश इंग्रजांकडे १८१८ मध्ये आला, त्याला चौतीस वर्षं झाली होती. मोजणीला आलेल्या अधिकाऱ्यांच्या तंबूंना कुणब्यांच्या जमावांनी गराडा घातला. मोजणी थांबवा, एवढीच मागणी होती. कलेक्टर मॅन्सफिल्ड फौज घेऊन आले, पुढारी पकडले गेले आणि मोजणी पुढे चालू राहिली.

हे वाचलं की मला बोस्टन आठवतं. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री तिथल्या लोकांनी जहाजांवर चढून चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात लोटल्या. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. ज्या कंपनीने पुढे पंचेचाळीस वर्षांनी खानदेश घेतला, तीच ही कंपनी. त्या वर्षीच्या नव्या कायद्याने चहा उलट स्वस्त झाला होता, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. कर होता पौंडामागे तीन पेन्स. तेवढ्यासाठी कोणी जीव धोक्यात घालत नाही. ज्या पार्लमेंटमध्ये आपला एकही माणूस बसत नाही, तिने आपल्यावर कर का बसवावा, हा त्यांचा सवाल होता. १७६५ च्या स्टॅम्प कायद्यापासून तो विचारला जात होता. ४ जुलै १७७६ ला त्याचं उत्तर स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात आलं.

सावद्याचा सवाल मला याच जातीचा वाटतो. नव्या मोजणीने सारा सगळीकडे वाढलाच असं नाही. १८३६ मध्ये इंदापुरात ही पद्धत सुरू झाली, तेव्हा तिथला दर उतरला होता. एकदा ठरलेला सारा तीस वर्षं बदलणार नाही, असंही सरकार सांगत होतं. पण शेत कसदार की बरड, हे ज्याने ते पिढ्यान्‌पिढ्या कसलं त्याला न विचारता परका माणूस ठरवणार होता. साखळी बांधावर पडली की शेतकऱ्याच्या हाती काही उरत नव्हतं. त्याची भीती अडाणीपणाची होती, असं मी कधीच मानणार नाही.

मग बोस्टनहून स्वातंत्र्य निघालं आणि सावद्याहून का नाही? बोस्टन शहराजवळ छापखाने होते, वकील होते, सभागृहं होती. १७७० मध्ये सैनिकांनी बोस्टनच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या, तर पॉल रिव्हिअरने काही आठवड्यांत त्याचं चित्र कोरून विकायला काढलं. राग तिथे लगेच कागदावर उतरत होता आणि गावोगाव पोचत होता. आमच्याकडच्या कुणब्याजवळ चावडी होती आणि बैलगाडी होती.

कागद मुंबईत होता. त्याच १८५२ मध्ये, २६ ऑगस्टला, जगन्नाथ शंकरशेट, दादाभाई नौरोजी आणि इतरांनी बॉम्बे असोसिएशन काढली. कंपनीच्या सनदेचं नूतनीकरण जवळ आलं होतं, म्हणून राज्यकारभारात हिंदी माणसाला जागा मागणारा अर्ज थेट पार्लमेंटकडे गेला. म्हणजे त्या पावसाळ्यात मुंबईत अर्जाची जुळवाजुळव चालू होती आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात सावद्यात माणसं तंबूंभोवती उभी होती. मागणी एकाच मुळाची, पण दोन्हीकडची माणसं एकमेकांना भेटली नाहीत. ही चुकामूक मला आपल्या इतिहासातली फार मोठी वाटते.

भेट झाली चौऱ्याऐंशी वर्षांनी, आणि तीही याच मातीत. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या सोबत्यांनी शेतात टिळकनगर उभं केलं. नेहरू अध्यक्ष होते, गांधीजी आले होते. तिथे शेतीचा कार्यक्रम मंजूर झाला, त्यात खंड आणि सारा कमी करण्याची मागणी होती. ज्या फैजपूरने साखळी अडवली, त्याच गावात शेतसाऱ्याचा प्रश्न स्वराज्याच्या ठरावात लिहिला गेला. त्या मांडवात १८५२ च्या कुणब्यांचे पणतू बसले असणार, याबद्दल मला शंका नाही.

पण त्यांच्या पणज्यांची गोष्ट आपल्याला कळते ती सरकारी लेखणीतून. १८८० साली निघालेल्या खानदेशच्या गॅझेटियरमध्ये ती आहे, तीही दंगा म्हणून. बोस्टनच्या माणसांनी आपली हकीकत स्वतः लिहिली. आमच्या माणसांची हकीकत त्यांना पकडणाऱ्यांनी लिहिली.

म्हणून सावदा, फैजपूर, रावेर, यावल, चोपडा इथल्या वाचकांना माझी हात जोडून विनंती आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत शेतसाऱ्याच्या जुन्या पावत्या असतील, मोडीतले कागद असतील, तर ते या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देऊ नका. आणि घरात नव्वदीतलं कुणी माणूस असेल, तर साखळीवाल्याबद्दल काय ऐकलं होतं ते आजच विचारा आणि लिहून ठेवा.