वय विचारायला सनद लागत नाही

पुण्यात ऑगस्ट १९९४ मध्ये झालेल्या सात जणांच्या हत्याकांडातील एका आरोपीस सत्र न्यायालयाने १९९८ साली फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने आणि पुढे २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २७ मार्च २०२३ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, की गुन्हा घडला तेव्हा हा आरोपी अवघा साडेबारा वर्षांचा होता. राजस्थानातील त्याच्या शाळेच्या दप्तरात जन्मतारखेची नोंद होती. खटला चालू असतानाही ती तेथेच होती. २८ वर्षांहून अधिक काळ गजाआड काढून हा माणूस नागपूरच्या कारागृहातून बाहेर पडला.

या खटल्यात पोलीस होते, सरकारी वकील होते, बचावाचे वकील होते, तीन पायऱ्यांवरचे न्यायाधीश होते. कागदोपत्री आरोपी सज्ञान होता आणि कागदावर सर्वांचा विश्वास होता. वयाचा पुरावा न्यायालयापुढे नेण्यात त्याला साथ मिळाली ती तेव्हा दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात असलेल्या ‘प्रोजेक्ट ३९अ’ची. गरिबांना मोफत कायदेसाहाय्याचे वचन देणारा, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद हेच या प्रकल्पाचे नाव. त्याचे मूळ २०१३ मध्ये सुरू झालेल्या, फाशीच्या कैद्यांच्या अभ्यासात आहे. विद्यार्थी देशभरातील तुरुंगांत गेले, कैद्यांशी आणि त्यांच्या कुटुंबीयांशी बोलले. ३७३ कैद्यांच्या माहितीवर आधारलेला अहवाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातील सुमारे तीन चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल असल्याचे दिसले. ज्यांच्या अंगावर अजून काळा कोट चढला नव्हता, त्यांनी केलेले हे काम आहे.

नियमांची उणीव आहे असे कोणी म्हणू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या चौथ्या कलमातच विद्यापीठांत आणि विधी महाविद्यालयांत कायदेसाहाय्य केंद्रे उभी करण्याचे काम राष्ट्रीय प्राधिकरणाकडे सोपवले आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी असे केंद्र प्रत्येक महाविद्यालयास बंधनकारक केले; तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमास किमान २० आठवड्यांची इंटर्नशिपही सक्तीची केली. विद्यार्थ्यास सनद मिळेपर्यंत विधी स्वयंसेवक होता येते. केंद्रीय विधी मंत्रालयाच्या ‘न्यायबंधू’ योजनेत महाविद्यालयांतून ‘प्रो बोनो क्लब’ही निघाले आहेत.

मग अडते कुठे? मे-जूनमध्ये भगवानदास रस्त्यावर चक्कर मारावी. पांढऱ्या सदऱ्यातली, घामाने निथळणारी मुले-मुली फायली सांभाळत उभी असतात. परिचयातील एका मराठी अधिकाऱ्याच्या कन्येने मागे महिनाभर अशाच एका सरकारी कार्यालयात ‘जनहिताचे’ काम केले. चार शिबिरांत तिने फलक बांधले, छायाचित्रांत उभी राहिली आणि प्रमाणपत्र घेऊन आली. एकाही पक्षकाराशी तिचे बोलणे झाले नव्हते. शिबिरांची संख्या वार्षिक अहवालात जाते. एखाद्याचा जामीन झाला की नाही, हे त्या अहवालाचे रकाने विचारत नाहीत.

खरे काम मात्र डोळ्यांसमोर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांतील ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध व्हायचा आहे असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ सांगते, की पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल तर त्याची जामिनावर मुक्तता व्हावी. इतरांसाठी ही मर्यादा निम्मी. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रलंबित खटले असलेले यांतून वगळले आहेत. अटकेची तारीख, लावलेली कलमे, पूर्वीची शिक्षा आणि इतर खटले एवढी माहिती मिळाली, की उरतो तो शाळकरी हिशेब. अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर आहे, पण गर्दीने फुगलेल्या तुरुंगात हा हिशेब बराकीत बसून मांडणार कोण? दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी तो मांडू शकतो. अट एवढीच, की त्याच्या मागे अनुभवी वकील वा प्राध्यापक उभा हवा आणि तो पुढच्या महिन्यातही त्याच तुरुंगात यावा. चार आठवड्यांच्या पाहुण्यापुढे कैदी मन मोकळे करीत नाही.

दुसरी अडचण पैशाची, जिच्याविषयी राजधानीत संकोचाने बोलले जाते. बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये नवोदित वकिलांना शहरांत दरमहा २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन देण्याची शिफारस केली. विद्यार्थी तिच्या कक्षेत नाहीत. परभणीहून वा गडचिरोलीहून आलेल्या मुलाने लक्ष्मीनगरात खोली घेऊन महिनाभर फुकट सेवा करावी, हे ज्यांना सहज वाटते त्यांची घरे बहुधा दिल्लीतच असतात. परिणाम असा, की गरिबांच्या खटल्यांचा अनुभव प्रामुख्याने सुस्थितांच्या मुलांना मिळतो आणि गरिबांची भाषा जाणणारा मुलगा गावीच राहतो.

संसदेत याची वाच्यता झाली नाही असे नाही. सुशीलकुमार मोदी यांच्या अध्यक्षतेखालील स्थायी समितीने फेब्रुवारी २०२४ मधील अहवालात विधिशिक्षणावरील बार कौन्सिलचा अधिकार वकिलीच्या मूलभूत पात्रतेपुरता मर्यादित करण्याची सूचना केली. वर्षभराने, फेब्रुवारी २०२५ मध्ये, वकील कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा आला आणि वकिलांच्या संतापापुढे सरकारने तो फेरविचारासाठी मागे घेतला. नवा मसुदा येईल तेव्हा एक कलम त्यात असावे. आज सनद नसलेल्यास न्यायालयात उभे राहायचे तर कलम ३२ खाली त्या त्या प्रकरणापुरती न्यायाधीशांची परवानगी लागते. अमेरिकेच्या अनेक राज्यांत अंतिम टप्प्यातील विद्यार्थी वकिलाच्या देखरेखीखाली गरिबांची बाजू मांडतो. आपल्याकडे जामीन आणि निर्वाह खर्च एवढ्यापुरती तरी ही मुभा द्यायला हरकत नसावी. वकील संघटना विरोध करतील. त्यांच्या पोटावर पाय येत नाही हे मात्र त्यांनाही ठाऊक आहे, कारण ही प्रकरणे त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाचाही यात संबंध आहे. खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक देशाच्या बहुतेक शहरांत पसरले आहेत. चोरीचे सोने घेतल्याच्या संशयावरून त्यांतल्या कुणाला परक्या भाषेच्या ठाण्यात बसवले, की पहिला दूरध्वनी खासदारांच्या बंगल्यावर येतो. कोठडीतील व्यक्तीस उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे त्या दूरध्वनीवर सांगणारे क्वचितच कोणी भेटते.