होडी बांधणाऱ्यांची हवा

फायबरग्लासच्या होडीचा गुळगुळीत, पांढरा देह पाहून कोणाचें मन प्रसन्न होणार नाहीं? परंतु ती साच्यांत घडत असतां हवेंत काय मिसळतें, याची चौकशी क्वचितच होते. काचेच्या धाग्यांवर चढविलेल्या राळेंत स्टायरीन नांवाचा द्रव असतो. बराचसा राळेबरोबर घट्ट होतो, उरलेला वाफ होऊन उडतो. ही वाफ डोळे व घसा चुरचुरविते, डोकें जड करते. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१८ सालीं स्टायरीनची गणना बहुधा कर्करोगकारक पदार्थांत केली.

अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण संस्थेनें २००१ सालीं या धंद्यासाठीं नियम केले. त्यांतील एका मार्गाप्रमाणें, तुषार उडवून मारावयाच्या नेहमींच्या राळेंत घातक द्रव्यें शेंकडा २८ हून अधिक नकोत. तुषार न उडवितां लावल्यास ३५ पर्यंत चालतात. म्हणजे दोष लावण्याच्या रीतींतही आहे, हें सरकारनें कबूल केलें. मग पुढचें पाऊल कां अडलें? साचा झांकून, आंतली हवा ओढून राळ भरण्याची रीत तेव्हांही ठाऊक होती. ती सक्तीची झाली नाहीं. शिवाय एका द्रव्याचे वर्षाला १० टन, किंवा सर्वांचे मिळून २५ टन बाहेर टाकूं शकणाऱ्या कारखान्यांनाच हे नियम लागू! लहान कारखान्याच्या शेजाऱ्याला नाक नसतें, असा शोध कोणीं लावला?

मोठे पंखे लावा म्हणजे झालें, असें म्हणणारेही भेटतात. पंखा वाफ नाहींशी करीत नाहीं. कामगाराच्या नाकांतली ती शेजाऱ्याच्या अंगणांत नेऊन सोडतो, इतकेंच. कामगाराची तरी दाद काय लागली? संघराज्याचा कायदा आठ तासांच्या सरासरीनें हवेच्या दहा लाख भागांत स्टायरीनचे १०० भाग अजून चालवून घेतो. १९९६ सालीं खुद्द धंदेवाल्यांनीं ५० ची मर्यादा आपखुषीनें पत्करली. धंद्यानें पुढें जावें आणि कायद्यानें बसून राहावें, हा क्रम आम्हांस तरी उलटा वाटतो.

खर्चाची ओरड सर्वस्वीं खोटी नाहीं. वर्षांत दोनचार होड्या बांधणारास बंद साच्याच्या पिशव्या व नळ्या जड जातील. त्याला मुदत द्या. सूट देऊं नका. उडून जाणारें स्टायरीनही त्यानें पैसे मोजूनच आणलेलें असतें.

आपल्या कोंकणकिनाऱ्यावरही लांकडी होड्यांशेजारीं फायबरच्या होड्या दिसूं लागून पुष्कळ वर्षें झालीं. त्या जेथें घडतात तेथें राळेचें पिंप झांकलेलें असतें कीं उघडें, एवढें तरी पाहावयास कोणता नवा कायदा हवा आहे?