सत्कार नको, पाळणाघर हवे

दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, आम्हा परिचारिकांचे सत्कार होतात. काही वर्षांपूर्वी मलाही असेच व्यासपीठावर बोलावले. ‘पतीने साथ सोडली तरी नोकरी करून, मुलीला सांभाळून नर्सिंग पूर्ण करणारी जिद्दी माता’ अशी ओळख करून दिली. शाल, श्रीफळ मिळाले, टाळ्या पडल्या. मला मात्र त्या वेळी एक सिरिंज आठवत होती. ती गोष्ट मी तेव्हा सांगितली नाही. आज सांगते.

मी राहते पवईत. पवई म्हटले की लोकांना तलाव, आयआयटी आणि उंच इमारती आठवतात. पण त्या इमारतींच्या पाठीमागे, डोंगराच्या उतारावर दहा बाय बाराच्या खोल्याही आहेत. त्यातल्याच एका खोलीत मी आणि माझी सहा वर्षांची मुलगी राहत होतो. एका छोट्या नर्सिंग होममध्ये मी मावशीचे काम करीत असे. बेडपॅन द्यायचे, चादरी बदलायच्या. बारावी झालेली होती. तिथल्याच एका सिस्टर म्हणाल्या, “अगं, हात चांगला आहे तुझा. जीएनएम का करत नाहीस?” वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी मी प्रवेश घेतला.

सकाळी सातला मुलीला शेजारी सोडून कांजूरमार्ग स्टेशन गाठायचे. दिवसभर वर्ग आणि वॉर्ड. संध्याकाळी स्वयंपाक, मुलीचा अभ्यास. आठवड्यातून चार रात्री पुन्हा नर्सिंग होममध्ये ड्यूटी, कारण फी आणि भाडे त्यातूनच निघायचे. त्या रात्री मुलगी शेजारच्या आजींकडे झोपे.

दुसऱ्या वर्षी एका सकाळी वॉर्डात मी इन्सुलिन भरत होते. रुग्णाला द्यायचे होते १० युनिट. सिरिंजमध्ये मी भरले होते ४०. सिस्टरांनी नेहमीप्रमाणे तपासायला सिरिंज मागितली, पाहिली आणि माझ्याकडे बघत राहिल्या. इन्सुलिन इतके जास्त गेले तर रक्तातली साखर एकदम उतरते, घाम फुटतो, झटके येतात, माणूस बेशुद्ध पडतो, प्राणही जाऊ शकतो. त्या ओरडल्या नाहीत. एवढेच विचारले, “काल किती झोपलीस?” मी म्हटले, “दोन तास.”

वाचकहो, ‘जिद्द’ म्हणून ज्याचे कौतुक होते, त्याची ही दुसरी बाजू आहे. न झोपलेल्या माणसाचे लक्ष उडते, आकडे चुकतात, हात चुकतो. आईची झोप हा तिचा खासगी प्रश्न नाही. पलंगावर पडलेल्या रुग्णाचाही तो प्रश्न आहे. त्या दिवशी सिस्टरांनी सिरिंज तपासली नसती, तर माझी जिद्द कोणाच्या कामी आली असती?

नर्सिंगचे शिक्षण घरी बसून किंवा पत्राद्वारे होत नाही, आणि होऊही नये. वॉर्डातले प्रात्यक्षिक पूर्ण भरल्याशिवाय पदविका हाती पडत नाही. मूल तापाने फणफणले म्हणून चार दिवस गेले, तर ते चार दिवस भरून द्यावे लागतात. हा नियम योग्यच आहे. पण नियम कडक असेल तर त्याखालची सोयही तितकीच भक्कम हवी. बऱ्याच ठिकाणी वसतिगृहात राहावे लागते, आणि वसतिगृहात मुलाला जागा नसते. २०१७ च्या प्रसूती लाभ कायद्यातील दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. पण विद्यार्थिनी ही ‘कर्मचारी’ नव्हे. म्हणजे त्याच रुग्णालयात सिस्टरांच्या मुलाला पाळणाघर, आणि शिकणाऱ्या आईचे मूल रस्त्यावर!

ही मागणी काही परदेशी नाही. रमाबाई रानडे १९०१ साली विधवा झाल्या. १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने त्यांच्या नेतृत्वाखाली विधवांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळवून दिले आणि राहण्यासाठी वसतिगृहेही काढली. बाईला नुसता धीर देऊन भागत नाही, तिला छप्पर लागते, हे शंभर वर्षांपूर्वी त्यांना कळले होते.

माझे पुढे कसे झाले? रात्रीच्या चार ड्यूट्या मी एकीवर आणल्या. उरलेली फी बचत गटाच्या कर्जातून भरली. आजींनी मुलीला शाळेतून आणायचेही काम अंगावर घेतले, मी त्यांचा रक्तदाब बघू लागले. मी पास झाले ते माझ्या एकटीच्या बळावर नव्हे.

ज्या भगिनी या वाटेवर निघाल्या आहेत त्यांना चार गोष्टी सांगते. एक, सहा महिन्यांत ‘नर्स’ बनवणाऱ्या जाहिरातींना भुलू नका. शाळेला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी पाहा. जीएनएम आता तीन वर्षांचे आहे, तेवढ्या काळाचा खर्च आधी कागदावर मांडा. दोन, वॉर्डात पाऊल ठेवण्यापूर्वी कावीळ ब ची लस घ्या, तिन्ही डोस पूर्ण करा. तीन, रात्रपाळीनंतर खिडकीला जाड पडदा लावून झोपा, भांडी नंतर. चार, झोप झाली नसेल तर सिस्टरांना सांगा. त्यात कमीपणा नाही.

आणि इतरांना एवढीच विनंती. तुमच्या गावातही एखादी आई वॉर्डात शिकत असेल. तिला शाल देऊ नका. तिचे मूल संध्याकाळी दोन तास आपल्या ओटीवर खेळू द्या. रुग्णालयांच्या विश्वस्तांनी पाळणाघराचे दार विद्यार्थिनींनाही उघडावे. पुढे कधी आजारी पडून तुम्हीच पलंगावर असाल, तेव्हा सिरिंज भरणारी ती सिस्टर रात्री नीट झोपलेली असावी, असे तुम्हालाही वाटेलच ना?