कार्डाचा हिशेब रोजच्या रोज
हरसूलच्या आठवडे बाजारात नागली-वरईच्या पोत्यांशेजारी, किराणा दुकानाच्या दारात क्यूआर कोड टांगलेला दिसला आणि या आठवड्याचा विषय मिळाला. 2022 पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, त्यामुळे पाड्यावरच्या नोकरदार पोराची उधारीही आता फोनमधूनच चालते. पाचशेची नोट मोडताना हात आखडतो, स्कॅन करताना मात्र तो मोकळा सुटतो. म्हणून मंडळी, या गोष्टी कराच. बँकेचे खर्चाचे एसएमएस पुसू नका. रात्री जेवणं आटोपली की ते आकडे फोनमध्येच किराणा, पेट्रोल, दवाखाना असे मांडा. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डाच्या व्यवहारांची मर्यादा स्वतः खाली आणा. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ही सोय 2020 पासून आहे. आणि बिल भरण्याच्या तारखेआधी चार दिवस गजर लावा. एसएमएस वाचून आपोआप हिशेब मांडणारं अनोळखी अ‍ॅप मात्र घेऊ नका, कारण ओटीपीही त्याच एसएमएसमधून येतो. ‘किमान रक्कम’ भरून सुटका होत नाही. बहुतेक कार्डांवर उरलेल्या रकमेला महिन्याला तीन टक्क्यांच्या पुढे व्याज चढतं. पूर्ण बिल भरण्याची ऐपत नसेल, त्या महिन्यात कार्ड वापरूच नका.