किरकोळ अपराध आणि बालकाचे वकीलपत्र

वरसोली-नागावच्या किनाऱ्यावरून पर्यटकाचा मोबाइल उचलल्याचा, शाळेबाहेर मारामारी केल्याचा किंवा घरची दुचाकी परवान्याविना रस्त्यावर काढल्याचा आरोप असलेल्या मुलासाठी पालक जेव्हा वकील शोधू लागतात, तेव्हा प्रकरण एकदाचे मिटावे एवढीच त्यांची अपेक्षा असते. ती पुरी करण्याचा जवळचा मार्ग, म्हणजे मुलाला कबुली द्यायला लावून बाल न्याय मंडळाची समज घेऊन घरी परतणे, वकिलालाही सोयीचा वाटतो. अलिबागच्या वकीलवर्गाने या सोयीकडे संशयाने पाहिले पाहिजे, कारण किरकोळ प्रकरणात मुलाच्या हिताचे बहुतेक काम सुनावणीच्या आधी आणि तिच्या नंतर करावयाचे असते, आणि कबुलीने ते सगळेच बुडते.

बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार ज्या कृत्यास कमाल तीन वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे तो किरकोळ अपराध, आणि तीन ते सात वर्षांपर्यंतचा गंभीर अपराध होय. त्यामुळे पोलिसांनी कोणते कलम लावले, हा प्रश्न येथे केवळ तांत्रिक राहत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303(2) खालील साधी चोरी किरकोळ ठरते. तोच मोबाइल राहत्या घरातून गेला असे नोंदले की कलम 305 लागते, कमाल शिक्षा सात वर्षांवर जाते आणि प्रकरण गंभीर वर्गात सरकते. किरकोळ अपराधाची चौकशी मंडळाने संक्षिप्त पद्धतीने करावयाची असते, आणि पहिल्या हजेरीपासूनचे चार महिने व वाढीव दोन महिने उलटूनही ती अपुरी राहिली तर कार्यवाही कलम 14(4) नुसार संपुष्टात येते. गंभीर वर्गातील मुलाला हा लाभ आपोआप मिळत नाही. म्हणून किनाऱ्यावरील झोपडीवजा टपरी ही ‘राहते घर’ कशी ठरली, असा वाद पहिल्याच तारखेला घालणे कबुलीपेक्षा अधिक मोलाचे असते.

केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांपैकी आठव्या नियमाप्रमाणे किरकोळ व गंभीर आरोपांत, प्रौढ व्यक्ती सहआरोपी नसल्यास, प्रथम खबर नोंदवावयाची नसून पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे पाठवावयाचा असतो, आणि मुलाच्या हितासाठी आवश्यक नसेल तर त्याला ताब्यातही घ्यावयाचे नसते. घेतलेच तर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत मंडळापुढे हजर करणे बंधनकारक आहे आणि कोठडीत ठेवण्यास मनाई आहे. पोलादपूरपासून उरणपर्यंत पसरलेल्या पंधरा तालुक्यांच्या रायगड जिल्ह्यात हे चोवीस तास वकिलाविनाच सरण्याचा धोका उघड आहे. बालकाला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्याचा हक्क 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने दिलेला असला, तरी तो पोलीस ठाण्यातील त्या पहिल्या संध्याकाळी पोहोचला नाही तर त्याचा उपयोग निम्म्यावर येतो.

सर्वांत अवघड प्रश्न फी देणारा आणि अशील वेगळे असण्याचा आहे, आणि दुचाकीच्या प्रकरणात तो उघडाच पडतो. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम 199अ नुसार अल्पवयीन मुलाच्या अपराधासाठी पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो, त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. या गृहीतकातून सुटण्यासाठी वडिलांना दाखवावे लागते की मुलाने आपल्या नकळत गाडी नेली, किंवा आपण पुरेशी दक्षता घेतली होती. किल्ली वडिलांनीच दिली होती असे मुलगा सांगत असेल, तर बापाचा बचाव म्हणजे मुलावरचा आरोप ठरतो. अशा वेळी दोघांचे वकीलपत्र एकाच टेबलावर घेणारा वकील, त्याची नियत कितीही स्वच्छ असो, नकळत पैसे मोजणाऱ्याचा होतो. मुलाशी पालकांच्या अनुपस्थितीत बोलण्याची अट वकीलपत्र स्वीकारतानाच घालावी आणि हितसंबंध फाटत असतील तर वडिलांसाठी दुसरा वकील सुचवावा, हे या मासिकाचे स्पष्ट मत आहे. अलिबागसारख्या गावात, जेथे वकील व पक्षकार बऱ्याचदा एकमेकांच्या घरचे असतात, हे बोलून दाखवणे जड जाते. तरी ते टाळता येत नाही.

मुलाच्या भल्यासाठी भरवलेल्या न्यायालयात वकील कशाला, असा समज जगभर दीर्घकाळ होता. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात 1964 मध्ये शेजारणीला अश्लील फोन केल्याच्या आरोपावरून गॉल्ट नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाला सज्ञान होईपर्यंत सुधारगृहात धाडण्यात आले. प्रौढाला त्याच कृत्यासाठी पन्नास डॉलरपर्यंत दंड किंवा दोन महिन्यांपर्यंत कैद एवढीच शिक्षा होती. त्याला वकील नव्हता, तक्रारदार बाई न्यायाधीशापुढे आलीच नाही. 1967 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश रद्द करून अशा मुलाचा वकिलाचा हक्क मान्य केला. आरोप क्षुल्लक म्हणून प्रक्रियाही क्षुल्लक केली की काय होते, ते या खटल्याने दाखवले.

वयाबाबत रायगडमध्ये विशेष काळजी हवी. वीटभट्ट्यांवर हंगामी स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबांतील मुलांची शाळा मध्येच तुटते, आणि बाल न्याय अधिनियमाचे कलम 94 मात्र आधी शाळेचा दाखला, नंतर स्थानिक संस्थेचा जन्मदाखला व शेवटी वैद्यकीय चाचणी असा क्रम लावते. कोणे एके काळी नाव नोंदवलेल्या आश्रमशाळेपर्यंत जाऊन दाखला काढणे हे कारकुनी काम वाटले, तरी मूल मंडळापुढे उभे राहील की प्रौढांच्या न्यायालयात, हे त्यावरच ठरते.

जामिनाबाबत, पुण्यात 2024 मध्ये अल्पवयीन चालकाच्या गाडीने झालेल्या अपघातानंतर तयार झालेले संतापाचे वातावरण वकिलांनी मनावर घेऊ नये. कलम 12 मध्ये लोकक्षोभ हा निकष नाही: मुलगा ज्ञात गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याची, त्याला नैतिक, शारीरिक वा मानसिक धोका होण्याची किंवा न्यायाचे उद्दिष्ट विफल होण्याची शक्यता, एवढ्याच कारणांनी जामीन नाकारता येतो आणि ती कारणे लिहून द्यावी लागतात.

आदेशानंतरच्या कामाकडे मात्र सर्वाधिक दुर्लक्ष होते. कलम 24 नुसार मूल दोषी ठरले तरी त्याला अपात्रता चिकटत नाही, आणि अपिलाची मुदत सरल्यावर अभिलेख नष्ट करण्याचा निर्देश मंडळाने द्यावयाचा असतो. कलम 74 पोलिसांना निकाली प्रकरणाची माहिती चारित्र्य दाखल्यासाठी उघड करण्यास मनाई करते. तरीही ठाण्यातील नोंद राहून गेली, तर तोच मुलगा पोलीस भरतीचा अर्ज घेऊन काही वर्षांनी पुन्हा त्याच वकिलाच्या दारात उभा राहतो. निर्देशाची प्रत ठाण्यात पोहोचल्याची पोच घेणे हे फी ठरवतानाच कामाचा भाग म्हणून धरावे.