राजूरच्या मांडवात आपल्या माणसांना बोलू द्या

राजूर आणि पंचक्रोशीतल्या सप्ताह समित्या, गणेश मंडळं, भजनी मंडळं आणि बचत गट, सगळ्यांना एक विनंती आहे. यंदाच्या कार्यक्रम पत्रिकेत एक तास गावातल्याच माणसांसाठी राखून ठेवा. ज्याच्यावर वाईट दिवस आले आणि जो त्यातून उठून पुन्हा कामाला लागला, त्याने त्या तासात आपली हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगावी. एका दिवशी दोघं, फार तर तिघं. हार-तुरे नकोत, फ्लेक्स नको, मानधनही नको.

राजूरला माणसं गोळा करावी लागत नाहीत. गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी आपला राजुरेश्वर पूर्ण पीठ मानला जातो. अंगारकीला जालन्याहून लोक रात्रीच पायी निघतात आणि पहाटे दर्शनाच्या रांगेत उभे राहतात. ऐकायची सवयही आपल्याला आहे. दोन-दोन तास मांडी घालून कीर्तन ऐकणारी ही माणसं आहेत. बाहेरून आलेला वक्ता चांगलं बोलतो, मनाला उभारी देतो, यात शंका नाही. पण तो सांगतो ती उदाहरणं लांबची असतात. त्याच मांडवात, सतरंजीच्या कडेला बसलेल्या माणसाने तीन वर्षांत कर्ज कसं फेडलं, हे मात्र कोणी त्याला विचारत नाही, आणि तो आपणहून बोलत नाही.

२०१२-१३ चा दुष्काळ आठवा. जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. ऐन बहरात आलेली झाडं लोकांनी कुऱ्हाड लावून सरपणाला काढली. कोणी टँकरचं पाणी विकत घेऊन बाग तगवली, कोणी टँकरवर पैसा घालूनही ती गमावली. कोणी झाडं छाटून त्यांचा पसारा कमी केला, बुडाशी पाचट अंथरलं आणि निम्म्या झाडांवर पाणी सोडून निम्मी वाचवली. कुठली झाडं सोडायची, हे ठरवताना त्या शेतकऱ्याच्या मनात काय काय आलं असेल! हा हिशोब कुठल्या पुस्तकात सापडत नाही. तो त्या घरातच राहिला. पुढे पाऊसपाणी बरं झालं, नव्या पोरांनी नव्या बागा लावल्या, आणि जुन्यांनी काय गमावलं, काय वाचवलं, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. पुढच्या दुष्काळात त्यांनी तेच सगळं पहिल्यापासून शिकायचं का?

शेतकऱ्याने शेतकऱ्याला सांगण्याचं चांगलं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. विजयअण्णा बोराडे यांनी मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या कामातून खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र उभं केलं. तिथे शेतकऱ्यांची मासिक चर्चासत्रं वर्षानुवर्षं चालत आली आहेत. तिथे शास्त्रज्ञ बोलतात, तसे शेतकरीही बोलतात. त्याच मंडळाने १९९६ पासून कडवंची गावात इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाचं काम केलं. बांधबंदिस्ती झाली, पुढे शेततळी झाली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या, आणि २०१२ च्या दुष्काळातही त्या गावाने बागा टिकवल्या. गाव बघायला लांबून माणसं येऊ लागली. बघायला आलेल्या शेतकऱ्याला खरा भरवसा वाटतो तो समोरचा शेतकरी स्वतःच्या बांधावर उभा राहून खर्चाचे आकडे सांगतो तेव्हा. जमीन तशीच, पाऊस तेवढाच, बँकही तीच. त्यामुळे "त्यांचं काय, त्यांना जमतं" असं म्हणायला जागा उरत नाही. उद्या काही अडलं तर त्याच्या घरी जाऊन पुन्हा विचारता येतं.

शेतीइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, घरातल्या संकटांबद्दल बोललं जायला हवं. एका बचत गटाच्या बैठकीत मी एका बाईला बोलताना ऐकलं. हप्ते गोळा झाले होते, वही मिटली होती, चहा यायचा होता. तिचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. ती रडली नाही. पदराला हात पुसत, खाली बघत तिने सगळं क्रमाने सांगितलं. नवरा गेल्यावर महिन्याच्या आत घाबरून तिने दुभती म्हैस पडत्या भावात विकली. ते चुकलं, असं ती स्वच्छ म्हणाली, आणि बसलेल्या बायकांना बजावलं की पहिले काही महिने कोणी कितीही घाई केली तरी काही विकू नका, कशावर अंगठा करू नका. मग सातबाऱ्याचं सांगितलं. मृत्यूचा दाखला काढायचा, वारसांची नावं घालून तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, तोही तीन महिन्यांच्या आत. हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो. अर्ज दिल्याची पोच मागून घ्यायची. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, चकरा मारून कळलं होतं. पहिल्या दिवशी एसटीत तिच्याशेजारी बसून तालुक्याला कोण आलं, त्या बाईचं नावही तिने घेतलं. ती बाई तिथेच बसलेली होती.

बैठक संपल्यावर दारात चपला घालताना दुसऱ्या एकीने तिला हळूच विचारलं, पोच म्हणजे कसला कागद? माझी सगळी विनंती त्या एका प्रश्नासाठी आहे. बाहेरच्या व्याख्यात्याला तो प्रश्न कोणी विचारलाच नसता.

गावासमोर आपलं दुःख काय सांगायचं, असं काहींना वाटेल. आपल्याकडे हे नवं नाही. संत बहिणाबाई शिऊरकर आपल्याच मराठवाड्याच्या, वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला त्यांची समाधी आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी त्या बाईने स्वतःच्या संसाराची कथा अभंगांत सांगितली, नवऱ्याने मारलं तेही लपवलं नाही. तुकोबांनी दुष्काळात दिवाळं निघाल्याचं, बायको अन्नावाचून गेल्याचं स्वतःच सांगून ठेवलं आहे. ज्या मांडवात त्यांचे अभंग म्हणतो, तिथे आजच्या माणसाने आपलं सांगितलं तर मांडव बाटत नाही.

आणि लोक ऐकतात. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याचं उद्घाटन वैशाली येडे या शेतकरी बाईने केलं. तिच्या नवऱ्याने आत्महत्या केली होती. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायका ज्यात स्वतः काम करतात त्या 'तेरवं' नाटकातही ती होती. एवढ्या मोठ्या व्यासपीठावर ती आपल्या साध्या भाषेत बोलली. अडीअडचणीला दिल्लीची बाई येत नाही, गल्लीतलीच कामी येते, असं तिचं सांगणं होतं. त्या संमेलनातलं दुसरं काही आठवत नसेल त्यांनाही हे आठवतं.

दारूचंही असंच. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. दारू सोडलेली माणसंच तिथे पुढे समुपदेशक झाली. पिणाऱ्याला बायको सांगते, आई सांगते, त्याच्या कानात शिरत नाही. पण जो स्वतः गटारात पडलेला होता आणि आज ताठ उभा आहे, त्याच्यासमोर त्याला खोटं बोलता येत नाही. राजूरच्या आसपास असे लोक नाहीत का? प्रत्येक गावात एक-दोन आहेत. त्यांच्या जुन्या दिवसांची चेष्टा होते, त्यांनी दारू कशी सोडली हे मात्र कोणी विचारत नाही.

आता हे करायचं कसं. सप्ताहात दुपारचं प्रवचन संपून हरिपाठ सुरू होईपर्यंत मध्ये वेळ मिळतो, तोच घ्या. रात्री कीर्तनाला गर्दी असते, पण नवख्या माणसाला एवढ्या गर्दीपुढे बोलवू नका. बोलणाऱ्याला आधी तीन गोष्टी विचारून ठेवा: नेमकं काय झालं, त्याने काय काय करून पाहिलं आणि त्यातलं काय फसलं, आणि कोण कामी आलं. फसलेलं सांगितलंच पाहिजे. नुसतं यश सांगितलं की ऐकणाऱ्याला स्वतःची लाज वाटते आणि तो आणखी गप्प होतो. आकडे सांगायला लावा. कर्ज किती, व्याज किती, सावकाराचं आधी फेडलं की सोसायटीचं, मोडलं काय आणि ठेवलं काय. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. आवाज अडला तर माईक काढून घेऊ नका, घाईही करू नका. पाणी द्या आणि थांबा.

मोबाइलवर चित्रीकरण करायचं नाही, हे सुरुवातीलाच निक्षून सांगा. मांडवात विश्वासाने सांगितलेली गोष्ट संध्याकाळी तालुक्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरली, तर पुढच्या वर्षी कोणी उभं राहणार नाही, आणि ते बरोबरच असेल. बायकांना मांडवात अवघड वाटत असेल तर त्यांचा तास बचत गटात किंवा अंगणवाडीत ठेवा, तिथे पुरुषांनी जाऊ नये. पुढाऱ्याला या तासात व्यासपीठ देऊ नका. ऐकायचं असेल तर त्याने सतरंजीवर बसावं.

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. घरात कोणी जीव दिला असेल तर तो कसा दिला, याचं वर्णन नको. नंतरचे दिवस कसे काढले, तेवढं पुरे. आणि अशा बोलण्यानंतर मांडवात एखादा माणूस असा निघतो की त्याच्याही मनात तेच चाललेलं असतं. तो उठून लवकर घरी जातो किंवा शेवटपर्यंत बसून राहतो. त्याच्याबरोबर कोणीतरी चालत जावं. सरळ विचारावं, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर मांडवात मोठ्या अक्षरात लावा. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. तेवढ्यावर भागत नसेल तर जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात घेऊन जा, आणि तो एकटा जाणार नाही एवढं बघा.

पहिलं नाव ठरवताना गावातल्या मोठ्या यशस्वी माणसाकडे जाऊ नका. तो बोलेलच, त्याला सवय आहे. ज्याच्या घरी तीन वर्षांपूर्वी आपण सगळे सांत्वनाला गेलो होतो आणि नंतर फिरकलो नाही, त्या घरी दोघांनी जा. सकाळच्या कामाच्या वेळी नको, संध्याकाळी जा. तास कशासाठी आहे ते सांगा, काय सांगायचं आणि काय ठेवायचं हे त्यांनीच ठरवायचं, हेही सांगा. नाही म्हणाले तर आग्रह करू नका, चहा घेऊन उठा. पुढच्या वर्षी पुन्हा जा.