पायाखालची जमीन आणि प्रशिक्षकाची नोंदवही

धावण्याच्या सरावाचे अंतर, वेळ आणि हृदयाचे ठोके यांची नोंद आता तालुक्याच्या ठिकाणचे प्रशिक्षकही काटेकोरपणे ठेवू लागले आहेत. मात्र ते अंतर डांबरी रस्त्यावर कापले गेले, मुरमाच्या मैदानावर, सिंथेटिक ट्रॅकवर की वाळूत, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. वास्तविक पृष्ठभाग बदलला की तेवढ्याच अंतराला लागणारी ऊर्जा बदलते आणि ताण पेलणारे स्नायूही बदलतात. म्हणून पृष्ठभाग ही केवळ स्थळाची माहिती नसून सरावाच्या भाराचाच एक घटक आहे.

या विषयातला सर्वांत रुळलेला समज असा की कठीण जमीन सांध्यांना घातक आणि मऊ जमीन हितकारक. तो फार तर अर्धा खरा आहे. धावणाऱ्याच्या पायाला स्प्रिंग मानले, तर तिचा ताठरपणा, म्हणजे भार आल्यावर न दबण्याचा गुण, कायम एकसारखा राहत नाही. डॅनियल फेरिस आणि क्लेअर फार्ली यांनी सहकाऱ्यांसह १९९० च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या प्रयोगांत असे दिसले की मऊ पृष्ठभागावर धावणारा पाय अधिक ताठर ठेवतो, कठीण पृष्ठभागावर तो अधिक दबू देतो, आणि हा बदल नव्या पृष्ठभागावरच्या पहिल्याच पावलात घडतो; त्यामुळे शरीराच्या गुरुत्वमध्याची वरखाली होणारी हालचाल जवळपास तशीच राहते. जमिनीने दिलेली सवलत शरीर अशा रीतीने बऱ्याच अंशी परत करून टाकते. केवळ कठीण जमिनीमुळे दुखापती वाढतात, असा निर्विवाद निष्कर्ष पाहणी-अभ्यासांतून निघालेला नाही, हेही त्याच्याशी सुसंगतच आहे. डांबर आणि काँक्रीट यांतील फरकावर धावपटूंमध्ये बरीच चर्चा होते. परंतु मानवी पावलाखाली दोन्ही जवळजवळ न दबणारेच असल्याने बुटाच्या तळाच्या तुलनेत हा फरक नगण्य ठरतो. मुंबईच्या रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाविरुद्ध तक्रारी असंख्य असतील, गुडघ्यांची तक्रार मात्र त्यांत घालण्याचे कारण नाही.

रस्त्यावर अधिक दखल घ्यायला हवी ती आडव्या उताराची. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून डांबरी रस्ता मध्यभागी उंच आणि कडांकडे साधारण २ ते २.५ टक्के उतरता केलेला असतो. वाहनांना सामोरे जात, म्हणजे उजव्या कडेने, धावण्याची शिस्त सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच आहे. पण तिच्यामुळे उजवे पाऊल नेहमी सखल बाजूला पडते आणि कमरेपासून घोट्यापर्यंत डाव्या-उजव्या अंगावरचा ताण असमान होतो. जे खेळाडू आठवड्यातला बहुतेक सराव एकाच रस्त्याच्या एकाच कडेने करतात, त्यांच्या एकाच बाजूच्या दुखण्याचा विचार करताना प्रशिक्षकाने आधी हा उतार तपासावा.

वाळूचा हिशेब निराळा आहे. धावताना पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी कंडरा आणि तळपायाची कमान दर पावलाला ताणल्या जातात, ऊर्जा साठवतात आणि पाऊल उचलताना ती परत देतात. वाळूत पाऊल रुतून सरकत असल्याने या व्यवस्थेचा लाभ घटतो आणि वाळू हलवण्याचे जादा काम स्नायूंवर पडते. लेज्युन, विलेम्स आणि हेग्लुंड यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनांनुसार वाळूत धावण्यास कठीण जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते. गुहागरच्या किंवा मिरामारच्या किनाऱ्यावर कोरड्या वाळूत काढलेले ५ किलोमीटर नोंदवहीत ५ किलोमीटर म्हणूनच उतरले, तर पुढच्या दिवसाचे नियोजन चुकणारच. पाण्यालगतची ओली वाळू घट्ट असते खरी, पण तिथे समुद्राकडचा उतार असतो.

सिंथेटिक ट्रॅक ऑलिंपिकमध्ये १९६८ साली मेक्सिको सिटीत प्रथम आला. जागतिक अॅथलेटिक्स संघटनेच्या निकषांनुसार अशा ट्रॅकने आघात काँक्रीटच्या तुलनेत ३५ ते ५० टक्के कमी करावा आणि भाराखाली ०.६ ते २.५ मिलिमीटर इतकेच दबावे, अशी अपेक्षा असते. पृष्ठभागाचा ताठरपणा धावणाऱ्याच्या पायाच्या ताठरपणाशी जुळता असणे महत्त्वाचे, हे सूत्र मॅकमहॉन आणि ग्रीन यांनी हार्वर्डच्या बंदिस्त ट्रॅकसाठी वापरले, आणि १९७७ मध्ये खुल्या झालेल्या त्या ट्रॅकवर वेग २ ते ३ टक्क्यांनी सुधारल्याचे आढळले. मात्र वरील निकष १० ते ४० अंश सेल्सिअस तापमानासाठी आहेत. विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी ट्रॅक ही मर्यादा सहज ओलांडतो, तेव्हा त्या वेळी घेतलेल्या चाचणीवर फारसे विसंबू नये. ट्रॅकवर धावणे नेहमी डाव्या हाताच्या वळणाने होत असल्याने सावकाश फेऱ्या अधूनमधून उलट दिशेने घेणे इष्ट असते.

ट्रेडमिलबाबत एवढेच पुरे की वाऱ्याचा विरोध नसल्याने वेगवान सरावात १ टक्का चढ ठेवण्याची प्रथा आहे. सावकाश धावण्यात त्याने विशेष फरक पडत नाही.

महाराष्ट्रातील बहुसंख्य खेळाडूंची जमीन मात्र यांपैकी कोणतीच नव्हे. ती आहे मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून तयार केलेले शाळेचे मैदान, किंवा उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसाळ्यात बुटाला चिकटणारी काळी माती. चांगला दाबलेला मुरूम रस्त्याइतकाच कठीण असू शकतो, आणि वरचा थर सुटा झाला की जोर देताना पाऊल मागे सरकते, ज्याचा भार पोटरीवर व मांडीच्या मागच्या स्नायूंवर येतो. एकाच मैदानाची जानेवारीतली आणि जुलैतली वेळ तुलनेला घेणे म्हणूनच अयोग्य होय.

पृष्ठभाग बदलायचा असेल तर अंतर आणि वेग दोन्ही तात्पुरते कमी करून दोन-तीन आठवड्यांत पूर्ववत आणावेत. मऊ जमिनीवरून ट्रॅकवर स्पाइक्ससह येतानाही हाच नियम लागू आहे. पोलीस भरतीसाठी मुलांकडून १६०० आणि मुलींकडून ८०० मीटरची तयारी करून घेणाऱ्या मार्गदर्शकांनी प्रत्यक्ष चाचणीचे मैदान कोणत्या प्रकारचे आहे याची आधी चौकशी करावी, आणि वर्षभर डांबरी रस्त्यावर सराव झालेला असला तरी अखेरच्या महिन्यात आठवड्यातून किमान दोन सत्रे तशाच जमिनीवर घ्यावीत.